व्हिएतनामला आपला मावळा करू नका : शिवव्याख्याते आणि इतिहासप्रेमी मंडळांना खुलं पत्र

महाराष्ट्रातील सर्व शिवव्याख्याते, इतिहासप्रेमी मंडळांचे पदाधिकारी आणि व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन यांना,

सप्रेम नमस्कार.

व्हिएतनामचा तो मेसेज तुम्हाला एव्हाना पाठ असेल. इवल्याशा देशाने अमेरिकेसारख्या महासत्तेला हरवलं, तेव्हा पत्रकारांनी तिथल्या राष्ट्राध्यक्षांना विचारलं, हे जमलं कसं? ते म्हणाले, मी छत्रपती शिवाजी महाराजांचं चरित्र वाचलं आणि त्यांचा गनिमी कावा वापरला. पुढे त्यांच्या समाधीवर महाराजांचा एक मावळा इथे विसावला आहे, अशा अर्थाची ओळ कोरली गेली. मग त्यांच्या परराष्ट्रमंत्री भारतात आल्या, रायगड पाहायचाच म्हणाल्या आणि तिथली मूठभर माती सोबत घेऊन गेल्या. तपशील थोडे इकडचे तिकडे होतात, पण शिवजयंती जवळ आली की हा मेसेज फिरू लागतो, आणि नुसता फिरत नाही, व्यासपीठावरून सांगितला जातो. हमखास टाळ्या घेतो.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. तुमच्यातल्या अनेकांची व्याख्यानं मी मन लावून ऐकली आहेत. पोरांना गडावर नेणारे, पावसाळ्याआधी टाक्यांतला गाळ उपसणारे, राज्याभिषेकाच्या सोहळ्याला रायगडावर उघड्यावर रात्र काढणारे तुम्हीच आहात. तुमच्या निष्ठेबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहितो आहे. माझी विनंती आहे की हा मेसेज थांबवा आणि त्याच्या जागी व्हिएतनामची खरी गोष्ट सांगा. ती सांगताना महाराजांचं नाव घ्यायला भरपूर जागा आहे. फक्त ती जागा मेसेजमध्ये दाखवली आहे तिथे नाही.

आधी मेसेजचंच बघू. व्हिएतनामचं युद्ध संपलं ३० एप्रिल १९७५ रोजी. उत्तर व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष हो चि मिन्ह वारले २ सप्टेंबर १९६९ रोजी, म्हणजे विजयाच्या साडेपाच वर्षं आधी. विजयानंतर त्यांची मुलाखत कोणी घेणार कशी? १९७५ मध्ये अध्यक्षपदावर तोन दुक थांग होते, आणि त्यांच्या तोंडचंही असं वाक्य कुठे नोंदलेलं नाही. हो चि मिन्ह यांचं स्मारक हनोईच्या बा दिन्ह चौकात आहे. त्याच्या दर्शनी भागावर ‘अध्यक्ष हो चि मिन्ह’ एवढीच अक्षरं आहेत. मावळ्याची ओळ तिथे नाही. आपल्या देहाचं दहन करावं आणि रक्षा देशाच्या उत्तर, मध्य आणि दक्षिण अशा तिन्ही भागांत ठेवावी, अशी त्यांची इच्छा होती. ती पाळली गेली नाही, ही गोष्ट वेगळी.

भारत आणि व्हिएतनामचं नातं मात्र खरं आहे आणि कागदोपत्री आहे. देशाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग करणाऱ्या १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर शस्त्रसंधीवर देखरेख ठेवण्यासाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला, त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं; कॅनडा आणि पोलंड हे त्याचे दुसरे दोन सदस्य. आपले अधिकारी उत्तरेची राजधानी हनोईतही होते आणि दक्षिणेची राजधानी सायगॉनमध्येही. हो चि मिन्ह स्वतः फेब्रुवारी १९५८ मध्ये भारतात येऊन गेले. एवढं खरं हाताशी असताना खोट्याची जोड कशाला द्यायची?

मेसेज खोटा आहे, थांबवा, एवढं सांगून हे पत्र संपवता आलं असतं. पण माझं दुखणं त्याहून खोलवरचं आहे. हा मेसेज महाराजांबद्दल खोटं सांगतोच, शिवाय ते युद्धही चुकीचं सांगतो. गनिमी काव्याने अमेरिका हरली, असं आपण पोरांना सांगतो. आणि त्या युद्धाला १९६८ च्या ज्या ‘टेट’ हल्ल्याने कलाटणी दिली, तो हल्ला म्हणजे तिथल्या गनिमांनी, म्हणजे दक्षिणेत लपूनछपून लढणाऱ्या बंडखोरांनी, गनिमी कावा सोडून उघड्यावर येणं होतं. त्याची त्यांनी फार मोठी किंमत मोजली. ते रणांगणावर हरले. तरीही त्या हल्ल्यानंतर अमेरिकेचं मन फिरलं. हे कसं घडलं, ते नीट समजून घेतलं तर त्या मेसेजची आठवणही येणार नाही.

टेट म्हणजे व्हिएतनामचं चांद्र नववर्ष. माणूस कामाला कुठेही असो, टेटला घरी पोचतो. पूर्वजांची पूजा होते, फटाके वाजतात, नवे कपडे येतात. युद्ध चालू असतानाही दोन्ही बाजू या सणापुरती शस्त्रं खाली ठेवत. १९६८ च्या टेटलाही तसंच जाहीर झालं होतं. अमेरिकेच्या बाजूने लढणाऱ्या दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यातले निम्म्याच्या आसपास जवान रजेवर घरी गेले होते. त्यांचे राष्ट्राध्यक्ष न्गुएन व्हान थिएउसुद्धा राजधानी सोडून मी थो इथे सासुरवाडीला होते.

त्या सणाच्या गर्दीत, भाजीपाल्याच्या आणि फुलांच्या गाड्यांमधून शस्त्रं सायगॉनमध्ये येत होती. शहरात ‘फो बिन्ह’ नावाचं एक खानावळवजा दुकान होतं. फो म्हणजे तिथलं मांसाच्या रश्श्यातल्या शेवयांचं रोजचं खाणं. खाली बाकांवर बसून अमेरिकन सैनिक गरम फो खात, आणि वरच्या मजल्यावर सायगॉनवरच्या हल्ल्याचं गुप्त मुख्यालय होतं. हल्ल्याचा हुकूम याच दुकानातून सुटला. ही गोष्ट पोरांना सांगून बघा. बहिर्जी नाईकांच्या गोष्टी ऐकताना ती जशी पुढे सरकून बसतात, तशीच इथेही बसतील, आणि ही गोष्ट खरी आहे.

इतक्या मोठ्या कटात घोटाळे झालेच. उत्तर व्हिएतनामने १९६७ मध्ये आपली कालगणना बदलली होती, त्यामुळे त्या वर्षी उत्तरेत टेट २९ जानेवारीला आला आणि दक्षिणेत ३० ला. ‘टेटच्या पहिल्या रात्री’ हल्ला करायचा हुकूम काही तुकड्यांनी एका पंचांगाने वाचला, काहींनी दुसऱ्या. दा नांग, न्हा त्रांग, प्लेइकू अशा ठिकाणी हल्ले एक दिवस आधीच सुरू झाले. त्याआधी क्वी न्होनमध्ये या कटातले काही कार्यकर्ते पकडले गेले होते, त्यांच्याजवळ जनतेला उठावाची हाक देणाऱ्या ध्वनिफिती सापडल्या होत्या. म्हणजे सुगावा लागला नव्हता असं नाही. सायगॉनभोवतीच्या अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल वेयँड यांना वास आला होता, त्यांनी आग्रह धरून सीमेकडे निघालेल्या बऱ्याच तुकड्या राजधानीजवळ परत आणवल्या. तेवढ्यामुळे सायगॉन वाचलं असं म्हणायला हरकत नाही. पण सरसेनापती वेस्टमोरलँड यांचं लक्ष दूर उत्तरेला खे सान्हच्या तळाकडे लागलं होतं. २१ जानेवारीपासून तिथे वेढा पडला होता, आणि खरा घाव तिथेच पडणार अशी त्यांची खात्री होती. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी खे सान्हची प्रतिकृती करवून घेतली होती आणि रात्रीअपरात्री उठून ते तिच्यापाशी उभे राहत. १९५४ मध्ये डिएन बिएन फूच्या तळाला वेढा पडून फ्रेंच जसे हरले, तसं आपलं होऊ नये, ही त्यांची धास्ती होती.

३१ जानेवारीच्या पहाटे सगळा देश पेटला. उत्तरेची फौज आणि दक्षिणेतले गनीम मिळून सुमारे ऐंशी हजार माणसांनी शंभराहून अधिक शहरांवर आणि गावांवर हल्ला चढवला. दक्षिणेतल्या ४४ प्रांतांपैकी ३६ प्रांतांच्या मुख्य शहरांत एकाच वेळी लढाई चालू होती. गोळीबाराचे आवाज आले तेव्हा अनेकांना वाटलं, टेटचे फटाके आहेत.

पहाटे पावणेतीनच्या सुमाराला सायगॉनमधल्या अमेरिकी वकिलातीच्या कुंपणाच्या भिंतीला सुरुंगाने भगदाड पडलं आणि एकोणीस जणांची तुकडी आवारात शिरली. इमारत नवीकोरी होती, चारच महिन्यांपूर्वी सुरू झालेली. तुकडीचे म्होरके पहिल्या काही मिनिटांतच मारले गेले. बाकीचे मोठमोठ्या फुलांच्या कुंड्यांआड दबा धरून लढत राहिले. मुख्य इमारतीत त्यांना शिरता आलं नाही. सकाळी सव्वानऊला सगळं आटोपलं. पाच अमेरिकन सैनिक मेले होते आणि तुकडीतले जवळजवळ सगळेच. थोड्याच वेळात जनरल वेस्टमोरलँड त्या आवारात आले आणि प्रेतांच्या नि पडझडीच्या मध्ये उभं राहून, शत्रूचा डाव फसला आहे, असं त्यांनी पत्रकारांना सांगितलं. हे दृश्य मला फार महत्त्वाचं वाटतं. ते जे बोलत होते त्यात खोटं फारसं नव्हतं. पण दिवाणखान्यात टीव्हीपुढे बसलेल्या अमेरिकन माणसाला त्यांच्या शब्दांपेक्षा त्यांच्या पाठीमागचं आवार जास्त दिसत होतं.

हनोईच्या नेत्यांचा हिशेब वेगळा होता. हल्ल्याचा मुख्य आग्रह पक्षाचे सरचिटणीस ले दुआन यांचा. आपल्याकडे सगळं श्रेय उत्तरेचे सेनापती जनरल गियाप यांना देतात. त्यांना हा बेत घाईचा वाटत होता, असं आता अभ्यासक सांगतात, आणि हल्ला झाला तेव्हा ते हंगेरीत होते. आपण शहरांत शिरलो की जनता रस्त्यावर येईल, दक्षिणेचं सैन्य फुटेल, सरकार कोसळेल, अशी योजना होती. क्वी न्होनला सापडलेल्या ध्वनिफिती त्यासाठीच होत्या. जनता उठली नाही. सैन्य फुटलं नाही. जंगलात, गावांत, लोकांमध्ये मिसळून वर्षानुवर्षं लढलेले गनीम शहराच्या चौकात, उजेडात, तोफा आणि विमानांसमोर उभे राहिले, आणि हजारोंनी मेले. अमेरिकी लष्कराने काही आठवड्यांतच तीस हजारांहून अधिक शत्रू मारल्याचा दावा केला. हे आकडे फुगवलेले धरले, तरी दक्षिणेतली गनिमांची संघटना त्यानंतर पूर्वीसारखी उभी राहिली नाही. पुढचं युद्ध मुख्यतः उत्तरेच्या नियमित फौजेने लढलं, आणि १९७५ मध्ये सायगॉनच्या राजवाड्याचं फाटक तोडून आत शिरले ते रणगाडे होते. त्यांचेच एक सेनानी त्रान व्हान त्रा यांनी नंतर लिहून ठेवलं की आम्हाला दोन्ही बाजूंच्या बळाचा अंदाज नीट आला नाही, आणि झालेली हानी भयंकर होती. जिंकलेल्या देशाच्या सेनापतीने असं लिहायला छाती लागते.

आणि ह्युए. हे नाव आपल्या व्याख्यानांत कधीच येत नाही. जुन्या राजांची राजधानी, सुगंधी नदीच्या काठी किल्ला, किल्ल्यासमोर उंच ध्वजबुरूज. ३१ जानेवारीच्या सकाळी त्या बुरुजावर क्रांतिकारकांचा झेंडा चढला आणि पंचवीस दिवस तिथे राहिला. शहर परत घेताना घराघरातून, भिंती फोडून लढाई झाली. तटबंदीचं शहर ढिगाऱ्यात गेलं, लाखाच्या वर लोक बेघर झाले. त्या पंचवीस दिवसांत क्रांतिकारकांनी याद्या घेऊन माणसं उचलली. सरकारी नोकर, शिक्षक, धर्मगुरू, कोणाचे तरी नातेवाईक. पुढे सामूहिक कबरींतून सुमारे २,८०० प्रेतं निघाली, काहींचे हात पाठीमागे बांधलेले होते. त्याच वर्षी १६ मार्चला मी लाय गावात अमेरिकन सैनिकांनी शेकडो नि:शस्त्र बायकामुलं आणि म्हातारी माणसं मारली. व्हिएतनामची गोष्ट सांगायची तर ही दोन्ही नावं घ्यावी लागतात. एक बाजू देव आणि दुसरी दानव, असं ते युद्ध नव्हतं. शत्रूच्याही बायकामुलांच्या अब्रूची काळजी घेणारा राजा आपण पूजतो. मग ज्यांनी ह्युएत हे केलं त्यांना डोळे मिटून ‘महाराजांचे मावळे’ म्हणताना आपली जीभ अडखळायला हवी.

आता अमेरिकेकडे वळू.

टेटच्या आधीचे काही महिने जॉन्सन सरकारने एकच गोष्ट लावून धरली होती, की आपण जिंकतो आहोत. २१ नोव्हेंबर १९६७ रोजी वेस्टमोरलँड यांना मायदेशी बोलावून वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये उभं केलं गेलं, आणि युद्धाचा शेवट आता नजरेच्या टप्प्यात येऊ लागला आहे, असं त्यांनी सांगितलं. सायगॉनमध्ये रोज संध्याकाळी पत्रकारांना मेलेल्या शत्रूंची संख्या दिली जाई. शत्रूचं एकूण बळ किती, यावर लष्कर आणि गुप्तहेर खात्यात वाद झाला, तेव्हा आकडा तीन लाखांच्या आत राहील असं बघितलं गेलं. त्यासाठी गावोगावच्या गनीम पथकांना मोजणीतूनच वगळलं. लोकांना धीर द्यायचा हेतू असेल. युद्धात असं करावं लागतं, असं म्हणणारेही असतील.

हे सगळं लोकांच्या डोक्यात असताना, सव्वादोन महिन्यांत वकिलातीच्या भिंतीला भगदाड पडलं.

इथे एक गोष्ट काळजीपूर्वक सांगायला हवी, कारण टेटबद्दलही सोप्या दंतकथा कमी नाहीत. अमेरिकेचं मत एका रात्रीत बदललं नाही. सैन्य पाठवण्यात चूक झाली का, हा प्रश्न जनमत चाचण्या घेणारी गॅलप संस्था सतत विचारत होती. ऑगस्ट १९६५ मध्ये २४ टक्के लोक ‘हो’ म्हणाले होते, ऑक्टोबर १९६७ मध्ये ४७ टक्के. म्हणजे टेटच्या आधीच देश जवळजवळ दुभंगला होता. हल्ल्यानंतर लगेच तर लोक चिडले, आणखी जोरात मारा म्हणू लागले. पण आठवडे सरले. फेब्रुवारीच्या मध्यावर एकाच आठवड्यात ५४३ अमेरिकन सैनिक मेले. १ फेब्रुवारीला सायगॉनच्या रस्त्यावर पोलीसप्रमुखाने हात बांधलेल्या कैद्याच्या कानशिलात गोळी झाडली, तो क्षण छायाचित्रकार एडी ॲडम्स यांच्या कॅमेऱ्यात पकडला गेला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत आला. १० मार्चला न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की लष्कराने आणखी २,०६,००० सैनिक मागितले आहेत. सामान्य माणसाने साधा प्रश्न विचारला : जिंकतो आहोत तर आणखी दोन लाख पोरं कशाला हवीत?

मार्च संपेपर्यंत युद्ध हाताळण्याच्या जॉन्सन यांच्या पद्धतीला पसंती देणारे २६ टक्के उरले. १२ मार्चला न्यू हॅम्पशायरमध्ये पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, विद्यमान राष्ट्राध्यक्ष असूनही, त्यांना ४९ टक्के मतं पडली आणि युद्धविरोधी सिनेटर युजीन मॅकार्थी यांना ४२. ३१ मार्चच्या रात्री जॉन्सन टीव्हीवर आले, उत्तर व्हिएतनामच्या मोठ्या भागावरची बॉम्बफेक थांबवत असल्याचं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले की मी पुन्हा निवडणुकीला उभा राहणार नाही. मे महिन्यात पॅरिसला बोलणी सुरू झाली. युद्ध त्यानंतरही सात वर्षं चाललं. एकूण ५८ हजारांवर अमेरिकन मेले, त्यातले निम्म्याहून अधिक टेटनंतर. व्हिएतनामी माणसं तर लाखांच्या संख्येने.

माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी. टेटनंतर वेस्टमोरलँड सांगत राहिले की शत्रूचा फार मोठा पराभव झाला आहे. आज इतिहासकारही बहुतांशी हेच म्हणतात. ते खरं सांगत होते, आणि त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराचं जे झालं, ते जगातल्या सर्वांत बलाढ्य सैन्याच्या सरसेनापतीचं झालं. नोव्हेंबरमध्ये वाढवून सांगितलं म्हणून फेब्रुवारीतलं खरंही बुडालं. हनोईच्या बाजूच्या जनरल त्रान दो यांनी पुढे कबूल केलं की अमेरिकेतल्या जनतेवर परिणाम घडवणं हा आमचा हेतूच नव्हता, तो आपसूक घडला. अमेरिकन सरकारने स्वतःच्या लोकांना दिलेल्या शब्दातच ती भेग होती.

क्रॉन्काइट यांचीही गोष्ट यात येते. वॉल्टर क्रॉन्काइट हे सीबीएस वाहिनीचे निवेदक, देशभर विश्वासाने ऐकले जाणारे. टेटनंतर ते व्हिएतनामला गेले, परत आले आणि २७ फेब्रुवारीला त्यांनी सांगितलं की हे युद्ध कोंडीत अडकलं आहे, वाटाघाटी हाच मार्ग उरतो. ते ऐकून जॉन्सन म्हणाले, ‘क्रॉन्काइट गेला म्हणजे सामान्य अमेरिकन माणूस माझ्या हातून गेला’, ही कथा अमेरिकेत वर्षानुवर्षं सांगितली जाते. पण तो कार्यक्रम लागला तेव्हा जॉन्सन टेक्सासमध्ये गव्हर्नरच्या वाढदिवसाच्या समारंभात होते. त्यांनी तो पाहिल्याचा पुरावा नाही. तिथल्याच अभ्यासकांनी ही लाडकी कथा तपासली आणि बाजूला ठेवली. त्यामुळे क्रॉन्काइट लहान झाले नाहीत. ते जे बोलले, ते ध्वनिचित्रफितीत शब्दशः आहे आणि तेवढं पुरेसं वजनदार आहे.

मित्रहो, हेच आपण करायला हवं. आपल्याकडे तर त्याहून भक्कम सामग्री आहे.

एप्रिल १६६३. शाहिस्तेखान लाल महालात तीन वर्षं ठाण मांडून बसलेला. पुण्याभोवती प्रचंड मुघल फौज. रमजानचा महिना, रात्रीची वेळ. महाराज निवडक माणसं घेऊन थेट महालात शिरले, खानाची बोटं तुटली, त्याचा मुलगा मारला गेला, आणि छावणी जागी होईपर्यंत महाराज निघूनही गेले होते. ही हकीकत सभासदाच्या बखरीत आहे, मुघलांच्या चाकरीतल्या भीमसेन सक्सेनाच्या लिखाणात आहे, राजापूरच्या इंग्रजांच्या पत्रात आहे. म्हणजे मित्र, शत्रू आणि तिऱ्हाईत, तिघांचीही साक्ष. हिशेबाने पाहिलं तर मुघल फौजेचं त्या रात्री फारसं काही बिघडलं नव्हतं. पण हिंदुस्थानभर जे ऐकू गेलं ते हे, की बादशहाचा मामा स्वतःच्या शयनघरातही सुरक्षित नाही. औरंगजेबाने त्याला बंगालला पाठवून दिलं.

टेटशी तुलना करायची ती इथे. सणासुदीची वेळ, बेसावध शत्रू, त्याच्या अगदी घरात घाव, आणि फौजेच्या हानीपेक्षा कितीतरी मोठा मनावरचा परिणाम. दोन देश, तीनशे वर्षांचं अंतर, एकमेकांची गंधवार्ता नाही, तरीही युद्धाचं हे एक सूत्र दोन्हीकडे दिसतं. फरकही तितकाच सांगण्याजोगा आहे. महाराजांनी मोजकी माणसं नेली, नेमकं लक्ष्य ठेवलं, परतीची वाट आधी आखली आणि बहुतेक माणसं जिवंत परत आणली. टेटच्या योजनेत परतीची वाटच नव्हती. जनता उठेल या भरवशावर हजारो पोरं शहरांत पाठवली गेली आणि तिथेच संपली. महाराजांचं मोठेपण या फरकात किती लख्ख दिसतं पाहा! त्यासाठी हनोईच्या स्मारकावर एकही अक्षर कोरावं लागत नाही.

व्हिएतनामलाही आपल्याकडून उसनवारीची गरज नव्हती. १७८९ सालचा टेट. चीनच्या छिंग साम्राज्याची फौज हनोईत, म्हणजे तेव्हाच्या थांग लोंगमध्ये, तळ देऊन सणाच्या मजेत होती. मध्य व्हिएतनाममधून न्गुएन ह्यू, ज्यांना क्वांग त्रुंग म्हणतात, ते वेगाने चाल करून आले. वाटेतच त्यांनी सैनिकांना टेट आधी साजरा करायला लावला आणि खरा सण थांग लोंगमध्ये करू, असा शब्द दिला. टेटच्या पाचव्या दिवशी, ३० जानेवारी १७८९ रोजी, न्गोक होई आणि दोंग दा इथे चिनी फौजेची दाणादाण उडाली. दोंग दाच्या टेकडीवर आजही दर टेटला पाचव्या दिवशी जत्रा भरते. १९६८ च्या हल्ल्याची तारीख आठवा. ज्या देशात प्रत्येक पोराला टेटच्या अचानक हल्ल्याची ही गोष्ट बाळकडूत मिळते, त्याला ती युक्ती सुचायला परदेशी चरित्र वाचावं लागलं, असं आपण म्हणतो, तेव्हा त्यांच्या क्वांग त्रुंगला आपण पुसून टाकतो. उद्या कोणी म्हणालं की लाल महालाची कल्पना महाराजांनी परक्या राजाच्या चरित्रातून उचलली, तर आपल्या अंगाचा तिळपापड होईल. तो त्यांचाही होऊ शकतो, हे आपण समजून घ्यायला नको का?

‘सर, खरं नसलं तरी पोरांना स्फूर्ती मिळते ना, मग बिघडलं कुठे?’ हे मला अनेकांनी प्रेमाने विचारलं आहे. बिघडतं ते असं. आमच्या शाळेत एका शिवजयंतीला व्याख्यानात हा किस्सा झाला. नववीच्या एका मुलीने घरी जाऊन मोबाइलवर शोधलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मला विचारलं, ‘सर, व्हिएतनामचं खोटं निघालं. मग शाहिस्तेखानाची बोटं तरी खरी का?’ तिच्या प्रश्नात खोडसाळपणा नव्हता. तिला खरोखर कळत नव्हतं. त्या दिवसाचा तास मी बाजूला ठेवला, आणि सभासद, भीमसेन आणि इंग्रजांचं पत्र फळ्यावर लिहून दाखवलं. तिचं समाधान झालं, असं मला वाटतं. पण ज्या पोरांनी विचारलंच नाही त्यांचं काय? वेस्टमोरलँड यांच्या बाबतीत जे घडलं, तेच इथे आपल्या हाताने घडतं आहे, आणि डावावर आहे ते महाराजांचं चरित्र.

आजची पोरं तपासतात. काही सेकंदांत तपासतात. त्यांच्या समोर उभं राहताना व्याख्यात्याजवळ आवाज, अभिनय, ओवी-पोवाडा सगळं असावं, पण त्याआधी साधनं असावीत. तुमच्यातले कितीतरी जण ती वाचतात, हे मला ठाऊक आहे. गजानन मेहेंदळे आणि त्र्यंबक शंकर शेजवलकर यांच्यासारख्यांनी एकेका तारखेसाठी जन्म वेचले, ते आपल्याच मातीतले. त्यांच्या मेहनतीच्या शेजारी हा मेसेज ठेवून बघा.

म्हणून थेट मागण्या करतो. ॲडमिन मंडळींनी हा मेसेज आला की तिथल्या तिथे, पाठवणाऱ्याचा पाणउतारा न करता, हो चि मिन्ह यांच्या मृत्यूची तारीख खाली लिहावी. तेवढ्याने काम भागतं. व्याख्यात्यांनी येत्या शिवजयंतीपासून हा किस्सा आपल्या वहीतून काढावा, आणि ज्यांनी तो पूर्वी सांगितला आहे त्यांनी त्याच व्यासपीठावरून एक वाक्य दुरुस्तीचं बोलावं. लोक मान देतील, कमी करणार नाहीत. मंडळांनी फ्लेक्सवर आणि स्मरणिकेत छापण्याआधी मजकूर एखाद्या अभ्यासकाला दाखवावा. आणि व्हिएतनामबद्दल बोलायचंच असेल तर फो बिन्हचं दुकान सांगा, दोन पंचांगांचा घोटाळा सांगा, वकिलातीच्या आवारातली सकाळ सांगा, ह्युए सांगा, क्वांग त्रुंग सांगा, आणि मग लाल महालाकडे या.

ज्या मंडळांना टेटच्या हल्ल्यावर आणि लाल महालावर मिळून एक व्याख्यान ठेवायचं असेल त्यांनी जरूर कळवावं. शनिवार-रविवार मी मोकळा असतो. मानधन नको, एसटीचं भाडंही नको. नकाशा टांगायला एक भिंत आणि नंतर प्रश्न विचारायला पोरांना अर्धा तास एवढं द्या.

आपला,
माध्यमिक शाळेतला एक इतिहास शिक्षक